अमोनिया प्लांटमधली हवा, पाणी आणि तेल: वीज नेमकी कुठे जाते?

शीतघर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मोठ्या रेफ्रिजरेशन प्लांटची वीज वाचवायची म्हटलं की चर्चा लगेच मोटारी, ड्राइव्ह आणि नव्या कॉम्प्रेसरवर जाते. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं: सिस्टीममध्ये अमोनियाशिवाय आणखी काय काय फिरतंय? माझं काम अमोनियाच्या प्लांटवरचं, त्यामुळे इथे लिहितोय ते मुख्यतः आर-७१७, म्हणजे रेफ्रिजरंट म्हणून वापरलेल्या अमोनियाबद्दल.

अमोनियाच्या प्लांटमध्ये नको ते शिरलं तरी काही बंद पडत नाही, हीच खरी पंचाईत. फ्रिऑनच्या सिस्टीममध्ये पाणी गेलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो, कूलिंग तुटतं, आरडाओरडा होतो, ड्रायर बदलला जातो. अमोनियात पाणी पूर्ण विरघळतं. कुठे बर्फ नाही, कुठला अलार्म नाही. माल थंड व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून कोणीतरी सक्शनचा सेटपॉइंट (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा ठरवून दिलेला दाब) थोडा खाली घेतो. पुढे कधीतरी आणखी थोडा. स्टँडबायचा कॉम्प्रेसर अधूनमधून चालायला लागतो आणि मग रोजच चालतो. नवा ऑपरेटर येतो तेव्हा त्याला हेच आकडे ‘नॉर्मल’ म्हणून शिकवले जातात. माझा सगळा मुद्दा हा आहे. घाण स्वतः दिसत नाही, तिच्यासाठी केलेली तडजोड तेवढी लॉगबुकात दिसते. म्हणून तपासणी लॉगबुकापासून सुरू करा. सक्शनचा सेटपॉइंट खाली कधी आला आणि कशासाठी, हे शोधा.

आता एकेकाचं बघू.

हवा. अमोनिया वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंशांना उकळतो. त्याखालचं तापमान हवं असेल तर सक्शन बाजू व्हॅक्यूममध्ये जाते. उणे ४० ला दाब असतो साधारण ०.७२ बार ॲब्सोल्यूट (पूर्ण निर्वातापासून मोजलेला; गेज मात्र वातावरणाच्या दाबाच्या वरचा, म्हणजे सुमारे एक बार कमी दाखवतं). अशा वेळी व्हॉल्व्हचा ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) किंवा शाफ्ट सील सैल असेल तर अमोनिया बाहेर येत नाही, हवा आत जाते. वास येत नाही, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. शिवाय दुरुस्तीसाठी उघडलेला भाग नीट व्हॅक्यूम न करता पुन्हा जोडला की हवा आत राहते. ही हवा कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाते आणि तिथेच अडकते, कारण पुढे द्रवाचं सील असतं.

किती नुकसान? ३५ अंशांना अमोनियाचा दाब १३.५ बार ॲब्सोल्यूट, म्हणजे गेजवर साधारण १२.५ बार दिसायला हवा. तुमच्या गेजवर १४ दिसतोय असं धरा. वरचा दीड बार हवेचा. कॉम्प्रेसरला मात्र फरक कळत नाही, त्याच्या दृष्टीने कंडेन्सिंग तापमान ३८-३९ अंश झालं. कंडेन्सिंग एका अंशाने वाढलं की कॉम्प्रेसरची वीज साधारण २ ते ३ टक्के वाढते. म्हणजे साधारण ७ ते ११ टक्के वीज नुसती हवेपायी, प्लांट चालेल तितके तास.

पाणी याच्या बरोबर उलट वागतं. ते हाय साइडला (कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूला) जातच नाही. अमोनिया उकळून कॉम्प्रेसरकडे जातो, पाणी मागे लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) राहतं आणि एलपीआर (लो प्रेशर रिसीव्हर, थंड द्रवाचं भांडं), सर्ज ड्रम, द्रवाने भरलेले म्हणजे फ्लडेड इव्हॅपोरेटर यांत साठत जातं. दहा टक्के पाणी मिसळलं तर त्याच दाबाला उकळण्याचं तापमान दोन-अडीच अंशांनी वर जातं. खोलीचं तापमान टिकवायचं तर सक्शन तेवढं खाली ओढावं लागतं. त्यात विजेचा खर्च वाढतो आणि कॉम्प्रेसरची क्षमताही घटते.

तेलाचं थोडक्यात: खनिज तेल अमोनियात जवळजवळ विरघळत नाही आणि अमोनियापेक्षा जड असतं, म्हणून भांड्यांच्या तळाशी बसतं. थंडीत ते घट्ट होतं आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून थर धरतं. चौथा प्रकार म्हणजे गंज, वेल्डिंगची खपली, बारीक कचरा. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बघत राहिलं तर तो लगेच सापडतो, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक पाहा. प्लांट सुरू करताना सक्शन स्ट्रेनरमध्ये घातलेली कापडी पिशवी नंतर काढली का? ती तशीच राहिली तर कायमचा प्रेशर ड्रॉप.

ज्यांच्याकडे प्रत्यक्ष आकडे आहेत त्यांनी जरूर लिहा.

---

पाना_पक्कड

चांगला धागा. आमच्याकडे हेड प्रेशर (कंडेन्सरमधला दाब) वाढलं की पहिली शंका कंडेन्सरवरच्या क्षारांवर जाते. ॲसिड वॉश होतो, दाब थोडा उतरतो, पुन्हा चढतो. हवा आहे की क्षार, हे पर्ज करायच्या (साठलेली हवा बाहेर सोडायच्या) आधी कसं ओळखायचं? आणि आम्ही रिसीव्हरच्या (कंडेन्सरनंतरच्या द्रवाच्या टाकीच्या) माथ्यावरून पर्ज करतो, ते बरोबर आहे का?

---

शीतघर

@पाना_पक्कड, साप्ताहिक बंदच्या वेळी एक चाचणी करा. कॉम्प्रेसर बंद, कंडेन्सरवरचं पाणी चालू. पाण्याचं तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. आता कंडेन्सरमध्ये उष्णता येत नाहीये, म्हणजे क्षार असले काय आणि नसले काय, आतला अमोनिया पाण्याच्या तापमानाला यायलाच हवा. त्या तापमानाचा दाब तक्त्यात बघा. पाणी २५ अंशांवर असेल तर १० बार ॲब्सोल्यूट, गेजवर ९. गेज दहा दाखवत असेल तर वरचा एक बार हवेचा किंवा तशाच न द्रवणाऱ्या वायूचा. गेज बरोबर नऊवर आलं, तर हवेला दोष देऊ नका. क्षार, बंद पडलेले स्प्रे नोझल, पंख्याचे सैल पट्टे यांच्याकडे वळा.

चाचणीआधी गेज तपासलेलं हवं. अर्धा बार चुकणारं गेज असेल तर सगळा निष्कर्षच फसतो.

चालू प्लांटमध्ये कंडेन्सरमधून उतरणाऱ्या द्रवाचं तापमान आणि दाब जुळवून बघतात. रोजच्या नोंदीला ते ठीक आहे, पण द्रव कंडेन्सरमध्ये तुंबून सबकूल (कंडेन्सिंग तापमानाच्याही खाली थंड) होत असेल तर हवा नसतानाही फरक दिसतो. म्हणून एकदा तरी बंद चाचणी कराच. आणि एक कळकळीचं सांगणं: चाचणीच्या नादात द्रवाने भरलेल्या लाइनचे दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करू नका. अडकलेला द्रव तापला की लाइन फोडतो.

रिसीव्हरवरून पर्ज केल्यावर थोडी हवा निघते, पण चालू प्लांटमध्ये बहुतेक हवा कंडेन्सरच्या बाहेर पडण्याच्या टोकाला असते. येणारा गॅस तिला ढकलत तिथपर्यंत नेतो. इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरला दोन-चार कॉइल असतील तर प्रत्येकीच्या आउटलेटला वेगळा पर्ज पॉइंट हवा, आणि एका वेळी एकच उघडायचा. दोन एकदम उघडले तर ज्या कॉइलचा दाब किंचित जास्त तिथलाच गॅस येतो, दुसरीतली हवा जागची हलत नाही.

---

अवनी_प्रोसेस

आमचा अनुभव याच्याशी जुळतो. एक शंका. आमचे कंडेन्सरचे पंखे दाबावर चालतात. थंडीच्या दिवसांत हेड प्रेशर बरोबर सेटपॉइंटवर असतं. म्हणजे तेव्हा हवा त्रास देत नाही असं म्हणायचं का?

---

शीतघर

@अवनी_प्रोसेस, नाही ताई, तिथेच ती लपते. पंखे सेटपॉइंट धरून ठेवतात, त्यामुळे दाब वाढलेला दिसत नाही. पण तोच दाब टिकवायला एका पंख्याऐवजी तीन पंखे चालतात. तेव्हा दाबाऐवजी पंख्यांचे तास बघायचे. बाहेरची हवा आणि प्लांटचा भार सारखा असताना पंखे जास्त चालत असतील तर कारण शोधा.

पर्ज केल्यावर आणखी एक काम राहतं. कंडेन्सरची मोकळी झालेली ताकद पंखे कमी चालवण्यात घालवायची की हेड प्रेशरचा सेटपॉइंट खाली आणायचा, हे ठरवावं लागतं. बऱ्याचदा दुसऱ्यात फायदा जास्त, कारण कॉम्प्रेसरची मोटार पंख्यांपेक्षा कितीतरी मोठी असते. मात्र किती खाली जायचं याला मर्यादा आहेत. लिक्विड इंजेक्शन, हॉट गॅस डीफ्रॉस्ट आणि ऑइल सेपरेटर यांना ठरावीक दाब लागतो, तो आधी बघा.

---

जुना_ऑपरेटर

मी हाताने पर्ज करत आलोय, त्याबद्दल सांगतो. पर्ज लाइनची नळी पाण्याच्या पिंपात सोडायची आणि व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडायचा. नळीच्या तोंडाशी बघा. अमोनिया असेल तर बुडबुडा पाण्यात मिसळून तिथल्या तिथे विरतो आणि तडतड आवाज येतो. हवा असेल तर बुडबुडा शाबूत राहून पृष्ठभागापर्यंत येतो आणि फुटतो. बुडबुडे वर येणं थांबलं, नुसती तडतड उरली, की व्हॉल्व्ह बंद.

आणि बंद केल्यावर नळी लगेच पाण्याबाहेर काढायची. नळीत उरलेला अमोनिया पाण्यात विरघळला की आत व्हॅक्यूम होतो आणि पाणी नळीतून वर चढतं. मी पारदर्शक नळीत ते चढताना बघितलंय, बघता बघता व्हॉल्व्हपर्यंत येतं. व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि मागचा दाब संपलेला असला तर ते थेट सिस्टीममध्ये. कितीतरी प्लांटमध्ये पाणी असंच शिरतं, विशेषतः एखादं भांडं दुरुस्तीसाठी रिकामं करताना. त्या लाइनला चेक व्हॉल्व्ह हवाच. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा आणि जोडीला दुसरा माणूस, हे तर हवंच हवं. पिंपातलं पाणी गटारात ओतायचं नाही.

---

मीटर_रीडर

एक हिशेबी प्रश्न. हाताने पर्ज होत असेल तर ऑटोमॅटिक पर्जरवर खर्च का करायचा?

---

शीतघर

@जुना_ऑपरेटर, दादा, नळीत पाणी चढण्याचं तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक प्लांटच्या भिंतीवर लावावं इतकं महत्त्वाचं आहे.

@मीटर_रीडर, उत्तर आकड्यांतच आहे. वरच्या उदाहरणात एकूण दाब १५ बार ॲब्सोल्यूट, त्यातला १३.५ अमोनियाचा. म्हणजे हाताने सोडलेल्या गॅसमध्ये आकारमानाने ९० टक्के अमोनियाच. हवेचा एक भाग काढायला अमोनियाचे नऊ भाग घालवायचे. आता तोच गॅस, तोच १५ बार दाब ठेवून, उणे २० अंशांपर्यंत थंड करा. उणे २० ला अमोनियाचा दाब फक्त १.९ बार. बाकीचा अमोनिया द्रव होऊन सिस्टीममध्ये परत जातो आणि उरलेल्या वायूत सुमारे ८७ टक्के हवा असते. पर्जर एवढंच करतो, गॅस थंड करून अमोनिया परत पाठवतो आणि हवा पाण्यातून सोडतो. कंडेन्सरमधली हवा जसजशी कमी होते तसतसं हाताने पर्ज करणं आणखी महाग पडतं. म्हणून हाताने काम करणारे शेवटचा अर्धा बार सोडून देतात, आणि त्या अर्ध्या बाराची वीज मात्र रोज भरतात.

तरीही माझं मत आहे की व्हॅक्यूममध्ये न जाणाऱ्या, क्वचितच उघडल्या जाणाऱ्या छोट्या प्लांटला शिस्तीत केलेलं हाताचं पर्जिंग पुरतं. फ्रीझिंगचा प्लांट सतत व्हॅक्यूमखाली चालत असेल तर पर्जर लावाच. पण पर्जरचा काउंटर वाढत चालला तर खूश होऊ नका. तो इतकी हवा काढतोय म्हणजे तेवढी कुठूनतरी आत येतेय. ग्लँड आणि सील तपासा.

---

रसायन_वाचक

मी रेफ्रिजरेशनमधला नाही, पण अमोनियाच्या साठवण टाक्यांमध्ये तर ०.२ टक्के पाणी मुद्दाम ठेवतात. पोलादाला ताणाखाली भेगा पडू नयेत म्हणून. मग इथे पाण्याला इतका विरोध का?

---

शीतघर

@रसायन_वाचक, बरोबर आहे, आणि मुद्दा आणलात हे फार छान झालं. त्या भेगांना ऑक्सिजन लागतो आणि थोडं पाणी त्या थांबवतं. पण रेफ्रिजरेशनमध्ये पाणी लो साइडला अडकतं, हाय प्रेशर रिसीव्हरमध्ये येतो तो जवळजवळ डिस्टिल झालेला अमोनिया. म्हणजे जिथे पाण्याचा उपयोग झाला असता तिथे ते पोचतच नाही. तिथे उपाय म्हणजे हवा राहू न देणं आणि वेल्डिंगनंतर उष्णता देऊन ताण काढलेली भांडी वापरणं. पर्जिंगचा हा दुसरा फायदा वीजबिलात दिसत नाही, पण तो आहे.

लो साइडला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही आले की गंज, तेलाचा चिकट गाळ, अडकणारे व्हॉल्व्ह, हे सगळं मागोमाग येतं.

---

पाना_पक्कड

पाण्याचा नमुना कुठून घ्यायचा? आमच्याकडे रिसीव्हरमधून घेतला होता, रिपोर्ट एकदम स्वच्छ आला.

---

शीतघर

@पाना_पक्कड, रिसीव्हरमधून घेतला तर स्वच्छच येणार, वर म्हटलं तसं. नमुना लो साइडच्या द्रवाचा हवा. पंप असेल तर पंपाच्या डिस्चार्जवरून. खुणा केलेल्या काचेच्या नळीत ठरलेल्या प्रमाणात द्रव घ्यायचा आणि मोकळ्या हवेशीर जागी अमोनिया उडून जाऊ द्यायचा. तळाशी उरतं ते पाणी, पण त्यात अजून बराच अमोनिया धरलेला असतो, म्हणून सरळ टक्केवारी न काढता दुरुस्तीचा तक्ता वापरायचा. तेल उरलं तर त्याचा वेगळा थर दिसतो. हे काम प्रशिक्षित माणसानेच, पूर्ण संरक्षण घालून करायचं.

---

अवनी_प्रोसेस

पाणी सापडलं तर पूर्ण चार्ज बदलावा लागतो का? आम्हाला एकाने तसंच सुचवलं होतं.

---

शीतघर

गरज नाही. लो साइडचा थोडा थोडा द्रव एका वेगळ्या भांड्यात घ्यायचा, त्याला उबदार द्रवाने किंवा हॉट गॅसने तापवायचं, अमोनिया उकळून सक्शनला परत द्यायचा आणि खाली उरलेलं अमोनियामिश्रित पाणी काढून टाकायचं. बॅचमागून बॅच. सावकाश चालतं, पण प्लांट बंद ठेवावा लागत नाही. मात्र आधी पाणी कुठून आलं ते शोधा. ऑइल कूलर, चिलर किंवा शेल अँड ट्यूब कंडेन्सरची एखादी नळी गळते का? पाण्याने प्रेशर टेस्ट केलेलं भांडं न सुकवता जोडलं गेलं का? ते भोक उघडं असेल तर डिस्टिलेशन जन्मभर चालू राहील.

---

जुना_ऑपरेटर

तेलाबद्दल कोणी फार बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे एका वहीत दोन रकाने असायचे, कॉम्प्रेसरमध्ये घातलेलं तेल आणि ऑइल पॉटमधून (भांड्याखाली तेल गोळा करणाऱ्या छोट्या टाकीतून) काढलेलं तेल. घातलेलं जास्त आणि काढलेलं कमी, तर फरक इव्हॅपोरेटरमध्ये बसलाय. दुसरं काही मोजायची गरजच पडत नाही. तेल अचानक जास्त जायला लागलं तर सेपरेटरचा कोअलेसर (तेलाचे बारीक थेंब पकडणारा फिल्टर) आणि डिस्चार्जचं तापमान बघावं, डिस्चार्ज तापला की तेल वाफ होऊन सेपरेटरमधून निसटतं.

काढताना पॉट मुख्य भांड्यापासून बंद करायचा, सक्शनला उघडा ठेवून त्यातला अमोनिया उडू द्यायचा. पॉटच्या बाहेरचा बर्फ वितळला की मगच तेल काढायचं. हात सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तेल वाहत असताना जागा सोडायची नाही. तेलाच्या मागून अमोनिया कधी येईल याची सूचना मिळत नाही.

---

मीटर_रीडर

पटलं. मग सुरुवात कशाने करावी? सगळं एकदम करायला माणसं नाहीत.

---

शीतघर

बंद चाचणी आणि पर्जिंग आधी. त्याला फक्त तपासलेलं गेज आणि दाबाचा तक्ता लागतो. तेलाची वही त्याच दिवशी सुरू करता येते. त्यानंतर पाण्याचा नमुना. सेटपॉइंट बदलण्याआधी आणि नंतर विजेच्या युनिटची नोंद घ्या, पण सोबत भार आणि बाहेरचं वेट बल्ब तापमानही (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) लिहा, नाहीतर हवामानाचा फायदा पर्जिंगच्या खात्यात जमा होईल.

पाण्याच्या नमुन्यासोबत त्या वेळची एलपीआरची लेव्हलही लिहून ठेवा. पाणी तेवढंच असलं तरी भांड्यात अमोनिया कमी असताना टक्का जास्त येतो आणि भांडं भरलेलं असताना कमी. लेव्हल लिहिली नाही तर पुढच्या वेळचा आकडा कमी आला की पाणी घटलं असं वाटेल. @पाना_पक्कड, तुमचा नवा नमुना आला की लेव्हलसकट इथे टाका, सगळे मिळून बघू.